धाकट्या घरचे डॉक्टर

परळच्या धर्मादाय दवाखान्यात कोणीही आलं की आमचे डॉक्टर आधी त्याचे पाय बघत. जीभ, नाडी, डोळे नंतर. पायांना खाडीचा चिखल असेल तर माणूस शिवडीच्या बाजूने चालत आलाय, त्याला आधी आत घ्या, असं ते मला खुणेने सांगत. त्यानंतर धुळीचे पाय. स्वच्छ वहाणा घालून जवळच्या चाळीतून आलेला माणूस थोडा बसू शकतो, आणि गाडीतून उतरलेला तर खुशाल बसू शकतो. ज्या शेटजींच्या दानावर दवाखाना चालत होता, त्यांचे मुनीमजी एकदा पोट दुखतं म्हणून बग्गीतून आले आणि दुपारपर्यंत ओटीवर बसून राहिले. शेवटी त्यांनी जाब विचारला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मुनीमजी, तुम्हाला परत न्यायला गाडी उभी आहे. या बाईला मूल कडेवर घेऊन उन्हातून चालत जायचंय." मुनीमजींचं पोट तोवर दुखायचं थांबलं होतं. डॉक्टरांनी तेही त्यांच्या ध्यानात आणून दिलं. ते काही बरं झालं नाही.

हे सगळं गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या, आधीच्या वर्षांतलं. मी तेव्हा विशीतली विधवा. आमचं घर गिरगावातलं, वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क. नवरा गेल्यावर मला माजघरात बसवून ठेवण्याऐवजी त्यांनी बायकांच्या इस्पितळात सुईणपण शिकायला घातलं, आणि वाडीतल्या लोकांच्या तोंडाला वर्षभर विषय पुरवला. शिकून झाल्यावर माझी नेमणूक परळच्या दवाखान्यात झाली. दवाखान्यामागच्या खोलीत मी आणि माझी एक आत्या राहायचो. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मला काय येतं हे विचारलंच नाही. काय येत नाही ते विचारलं. मी घाबरत चार गोष्टी सांगितल्या. ते म्हणाले, "छान. हे ज्याला माहीत असतं त्याच्या हातून माणूस मरत नाही. तो वेळेवर पुढे पाठवतो."

पुढे पाठवणं हे त्यांच्या आयुष्याचं वेड होतं. त्यांचा हिशेब साधा होता. किरकोळ दुखणं घरात बरं व्हावं. घरात आवरेना तर दवाखान्यात यावं. दवाखान्यात आवरेना तर मोठ्या इस्पितळात जावं. आणि तिथून माणूस परत घरी यावा. हे शेवटचं ते फार ठासून सांगत. त्या काळी भायखळ्याच्या बाजूला इस्पितळं होती, तिथे विलायतेत शिकलेले डॉक्टर होते, पण आमच्या भागातला माणूस तिथे जायला तयार नसे. तिथे उलटं टांगून डोक्यातून तेल काढतात, असं गिरणीतली शहाणीसुरती माणसंही बोलत. त्यामुळे लोक जायचे ते अगदी शेवटच्या घटकेला, आणि शेवटच्या घटकेला गेल्यामुळे मरायचे. मग भीती आणखी वाढायची.

म्हणून डॉक्टरांनी इस्पितळ हा शब्दच टाकून दिला होता. आमचा दवाखाना म्हणजे धाकटं घर आणि भायखळ्याचं ते थोरलं घर. "तुझ्या बापाला काही दिवस थोरल्या घरी पाठवू या," असं ते म्हणत, जणू तिथे लग्नकार्य आहे. लालबागचा एक जॉबर, गिरणीत माणसं भरणारा मुकादम, त्यांना म्हणाला होता की डॉक्टर, आमच्यात बडं घर म्हणजे तुरुंग. डॉक्टर म्हणाले, बरोबर, म्हणूनच मी थोरलं म्हणतो.

रोग्याला तपासून झालं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे. "तुमच्या घरात ठरवतं कोण?" सून आली असेल तर सासूचं नाव निघे, गिरणीतला पोऱ्या असेल तर खानावळवालीचं, कोणाच्या घरी एखादा रागीट काका असे. मग डॉक्टर औषध रोग्याला देत आणि बोलणं त्या दुसऱ्या माणसाशी करत. त्यासाठी ते संध्याकाळी लालबागच्या चाळींतून फिरत. लांब काळा कोट, डोक्यावर आमच्या प्रभू ज्ञातीची पगडी आणि हातात छत्री, अशी ती मूर्ती चाळीच्या जिन्यात दिसली की पोरं ओरडत वर जात. डॉक्टर आत जाऊन सासूबाईंपुढे बसत, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करत, आणि निघताना सहज सुनेच्या खोकल्याचा विषय काढत. डिग्री घेतलेल्या माणसाने असं दारोदार बसणं त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांना कमीपणाचं वाटे. यांना त्याचं काहीच नव्हतं.

औषधाच्या बाबतीत मात्र ते चिक्कू. तेव्हा रोगी आपापली बाटली घेऊन येत. डॉक्टर प्रत्येक बाटली हुंगून बघत, एकीला ताडीचा वास, दुसरीला घासलेटचा, आणि मालकाला ती धुऊन आणायला परत पाठवत. धुऊन आणल्यावर कितीदा तरी म्हणत, तुला औषध नको, दोन दिवस पेज पी आणि झोप. लोक चिडत. रस्त्यापलीकडे एक वैदू बसायचा, तो सगळ्यांना लाल पाणी भरून द्यायचा आणि त्याच्याकडे गर्दी असे. कंपाउंडर म्हणाला, साहेब, आपणही थोडा रंग घालू या. डॉक्टरांनी त्यावर विचार केला आणि सांगितलं की रंग घालायला माझी ना नाही, पण मग लोक आपल्याकडे रंगासाठी येतील, आणि ज्याला खरंच काही झालंय तो मागे उभा राहील. दुपारी ओटी रिकामी झाली की ते स्वतः रोग्यांच्या बाकावर जाऊन बसत आणि तिथून दवाखान्याकडे बघत. काय बघता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, इथून दार फार अंधारं दिसतं, चुना लावून घेतला पाहिजे.

रविवारी गिरण्या बंद असत. त्या सकाळी आमच्या ओटीवर एक वेगळंच संमेलन भरे. थोरल्या घरून परत आलेली माणसं डॉक्टर तिथे बोलावून बसवत. गिरणीच्या पट्ट्यात सापडून बोटं गमावलेला, मागावर काम करणारा एक साचेवाला, डोळ्यांतला मोतीबिंदू काढलेली एक म्हातारी, मूतखड्याचं ऑपरेशन झालेला एक हमाल. त्यांनी काही करायचं नसे, फक्त बसायचं आणि कोणी विचारलं तर सांगायचं. हमालाला तर आपली कथा इतकी आवडू लागली होती की तो न विचारताही सांगे, आणि दर आठवड्याला त्याचा खडा मोठा होत जाई. डॉक्टर त्याला टोकत नसत. खडा वाढला तर वाढू दे, म्हणत, माणूस जिवंत बसलाय ना.

आणि दुपारी जेवून ते स्वतः थोरल्या घरी जात, आपण पाठवलेल्यांना भेटायला. जाण्याआधी त्यांच्या त्यांच्या घरची बातमी गोळा करत. कोणाची शेळी व्याली, कोणाच्या पोराला गिरणीत लावलं, शेजारीण भांडली, अशा सगळ्या बातम्या नीट लक्षात ठेवून ते खाटेखाटेपाशी सांगत. तिथले गोरे डॉक्टर हसत. हे म्हणत, घरची खबर लागली की माणूस खाटेवर टिकतो, नाहीतर रात्रीत भिंतीवरून उडी मारून पळतो.

या सगळ्या शिडीत एक पायरी मात्र त्यांच्या हाती लागत नव्हती. शिवडीच्या कोळीवाड्यात भागाबाई नावाची एक वयस्क सुईण होती. अर्धा कोळीवाडा तिच्या हातावर जन्मलेला. डॉक्टर नेमणुकीवर आल्या आल्या तिच्या दारात गेले होते. तुमचं काम तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाले, फक्त हात गरम पाण्याने धुवा आणि अडलं तर मला सांगा. ती म्हणाली, अडलं तर देवाला सांगते, तो जवळ राहतो. डॉक्टर हसून परत आले, पण जाणं सोडलं नाही. तिची मुलगी मासे विकायची. डॉक्टर तिच्याकडून पापलेटं घेत, कल्ले उचलून बघत, भावावरून भांडत, आणि भागाबाई ते भांडण दारातून ऐकत बसे. असं वर्ष-दीड वर्ष चाललं. मी त्यांना सांगितलं होतं की ती बाई काही वळणार नाही. ते म्हणाले, न वळली तर न वळली, मासे तरी ताजे मिळतात.

शेटजींच्या मंडळींचं म्हणणं याच्या उलट होतं. अडाणी सुइणींच्या नादी कशाला लागता, आणि अवघड रोगी पुढे कशाला पाठवता, ते मेले की नाव दवाखान्याचं खराब होतं. एकदा शेटजींनी स्वतः बोलावून सांगितलं की पुढे पाठवलेला कोणी पुन्हा दगावून बोभाटा झाला तर दुसरा डॉक्टर बघावा लागेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी ओटी भरलेली असताना भागाबाई आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. धापा टाकत होती, पण कोणापुढे वाकायची सवय नसल्यासारखी ताठ उभी राहिली.

"पाटलाचे सुनेचं अडलंय," ती म्हणाली. "पोराचा हात भायेर आलाय. आता माजे हातान नाय."

डॉक्टरांनी मला गाडी आणायला सांगितलं. भागाबाई जागची हलली नाही. "पोरीला न्या. पन मी संगती येनार. आत येनार."

पाटलाची सून हिरू, जेमतेम सतरा-अठराची, पहिलटकरीण. आम्ही कोळीवाड्यात पोचलो तेव्हा ती ओरडायचीही थांबली होती. पाटील दारात आडवा उभा होता. आमच्या घरातली बाई इस्पितळात जाणार नाही, असं त्याचं एकच म्हणणं. डॉक्टर त्याच्याशी बोलायला लागले, पण त्याला दूर सारलं ते भागाबाईने. काय बोलली ते मला कळलं नाही, ती फार हळू बोलली. पाटील बाजूला झाला.

गाडीत हिरूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डॉक्टर हाकणाऱ्याशेजारी बसले होते, आणि दगड चुकव, सावकाश घे, एवढंच सांगत होते. माझ्या मनात एकच भीती होती, आणि त्यांनाही तीच असणार. ही मुलगी थोरल्या घरात दगावली तर कोळीवाडा पुन्हा आमच्या पायरीवर येणार नव्हता. कोळीवाड्याचं बघून चाळीही येणार नव्हत्या. शेटजी तर दुसऱ्याच दिवशी नवा डॉक्टर आणतील. घरात ठेवली असती तर दोष कोणावरच आला नसता. हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही.

थोरल्या घरी, बायकांच्या इस्पितळात, मला शिकवणाऱ्या मडम डॉक्टर होत्या. त्यांनी हिरूला लगेच आत घेतलं, पण दाराशी भागाबाईला अडवलं. गावठी सुईण ऑपरेशनच्या खोलीत, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी पगडी काढून हातात घेतली. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मडम," ते इंग्रजीत म्हणाले, "ही बाहेर राहिली आणि मुलगी गेली, तर तुम्ही मारली असं सगळे म्हणतील. ही आत असली, तर काय झालं ते हिच्या तोंडून कळेल. माझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही."

मडम मला म्हणाल्या, हिला कोपरापर्यंत साबणाने धुवायला लाव आणि धुतलेलं लुगडं दे. भागाबाईने हात धुतले. मी बस म्हणेपर्यंत धूत राहिली. जंतू मारायच्या कार्बोलिकचा वास तिला सहन होत नव्हता.

क्लोरोफॉर्म देऊन मडमांनी मूल फिरवून काढलं. ते मूल आधीच गेलेलं होतं. हिरू मात्र राहिली. भागाबाई भिंतीला लागून उभी होती, सगळं बघत. मूल कोणी मागितलं नाही, तिनेच पुढे होऊन घेतलं आणि फडक्यात गुंडाळलं.

बाहेर अंगणात पाटील आणि कोळीवाड्यातली वीसेक माणसं जमली होती. डॉक्टर पायरीवर बसले होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा कोणीच डॉक्टरांकडे किंवा माझ्याकडे बघितलं नाही. सगळे भागाबाईकडे बघत होते.

"पोर घराच गेलेला, पोटान," ती म्हणाली. "पोरगी वाचली. माजेकरं रेली असती तर दोगंव गेली असती."

ती हे त्या सगळ्यांसमोर म्हणाली, ज्यांच्यासमोर तिचा शब्द आजवर खाली पडला नव्हता. पाटलाने मूल घेतलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून डॉक्टर बराच वेळ त्याच्याबरोबर चालत गेले.

हिरूला ताप आला, त्यामुळे बरेच दिवस राहावं लागलं. डॉक्टर रविवारी नेमाने जात. तिचा नवरा लाजाळू, आत यायचा नाही. त्याने एकदा डॉक्टरांच्या कानात निरोप सांगितला, आणि डॉक्टरांनी तो वॉर्डात सगळ्या बायकांदेखत मोठ्याने सांगून टाकला: पिवळं लुगडं घेतलंय, घरी आलीस की नेस. हिरूने तोंडावर पांघरूण घेतलं. आजूबाजूच्या खाटा हसल्या. त्यानंतर तिचा ताप उतरला, असं डॉक्टर म्हणत. मडमांचं मत वेगळं होतं.

मधल्या काळात लोक बोलत होतेच. इस्पितळवाल्यांनी मूल ठेवून घेतलं, असंही कोणी पसरवलं होतं. शेटजींचा निरोपही येऊन गेला. हिरूला सोडण्याचा दिवस आला तेव्हा डॉक्टरांनी उघडी गाडी सांगितली, घोड्याच्या कपाळावर झेंडूची माळ बांधली, आणि लेक माहेरून सासरी निघावी तशी वॉर्डातल्या बायकांकडून ओटी भरवून तिला गाडीत बसवलं. शेजारी भागाबाई. हाकणाऱ्याला सांगितलं की सरळ जायचं नाही. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांवरून, गिरण्यांच्या दारांवरून, परळच्या नाक्यावरून, सगळीकडून फिरवून ने. डॉक्टर गाडीमागून छत्री घेऊन चालत होते. गिरणीची जेवणाची सुट्टी झालेली. माणसं दारात येऊन उभी राहिली. हिरू पिवळ्या लुगड्यात खाली मान घालून बसली होती, आणि भागाबाई मात्र दोन्ही बाजूंना असं बघत होती की काय विचारायचंय ते मला विचारा.

पुढच्या आठवड्यात शेटजी दवाखाना बघायला आले. डॉक्टरांना काढायचं का, हे त्या दिवशी ठरणार होतं. शेटजी कांदासुद्धा न खाणारे. ते खुर्चीवर बसतायत तोच पाटील चार माणसं घेऊन आला आणि त्यांच्या पुढ्यात सरंग्यांनी, मोठ्या पापलेटांनी, भरलेली पाटी ठेवून हात जोडून उभा राहिला. ही आमच्या वाड्याची भेट, म्हणाला, ज्यांनी हा दवाखाना घातला त्यांना. शेटजींनी उपरणं नाकाला लावलं. पण आजवर कोळीवाड्यातून कोणी त्यांना हात जोडायला आलं नव्हतं, आणि ते त्यांना आवडलं, हे उपरण्यावरच्या डोळ्यांत दिसत होतं. डॉक्टरांचा विषय निघालाच नाही. पाटी आमच्या आत्याच्या स्वयंपाकघरात गेली आणि त्या संध्याकाळी डॉक्टर आमच्याकडे जेवले. आत्या त्यांना वाढताना पुन्हा पुन्हा म्हणत होती, सावकाश, काटा आहे.

पुढे गाठीच्या तापात सगळ्या शहरात लोक रोगी लपवत होते, तेव्हा कोळीवाड्यातून आपणहून निरोप येत. पण मला सांगायचंय ते त्याआधीचं.

हिरूला पुन्हा दिवस राहिले. या खेपेला भागाबाई तिला दर महिन्याला स्वतः घेऊन येई. मी पोट तपासायची, भागाबाई तपासायची, आणि आम्ही दोघी एकमेकींशी वाद घालायचो. शेवटच्या महिन्यात मूल सरळ असल्यावर दोघींचं एकमत झालं. तिला आधीच थोरल्या घरी नेऊन ठेवावं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सरळ आहे ना, मग तिचं तिच्या घरात होऊ दे. कोळीवाड्याच्या तोंडाशी गाडी तेवढी उभी ठेवू. बाळंतपणाच्या सकाळी मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले, छत्री हातात घेतली, आणि ती परत खुंटीला अडकवून आत गेले.

मुलगी झाली. भागाबाईच्या हातावर, माझ्या डोळ्यांदेखत. पोरीने लगेच रडून सगळा वाडा गोळा केला. गाडीचा घोडा दिवसभर गवत खात उभा राहिला.

मी परत आले तेव्हा ओटीवर दुपारचे रोगी बसलेले. डॉक्टर आत कोणाची तरी छाती तपासत होते. मी सांगितलं, दोघी सुखरूप. त्यांनी नळी कानातून काढली आणि विचारलं, "मला बोलवावं, असं कोणी म्हणालं का?"

मी आठवून बघितलं. खरंच कोणी म्हणालं नव्हतं. कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

ते उठले, बाहेर ओटीवर गेले, आणि तिथे बसलेल्या सगळ्यांना त्यांनी सांगितलं की शिवडीच्या कोळीवाड्यात पाटलाच्या घरी मुलगी झाली, आणि मला कोणी बोलावलं नाही, बोलवायची गरजच पडली नाही. एका म्हाताऱ्या साचेवाल्याने उठून त्यांचं अभिनंदन केलं, आणि डॉक्टरांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.